पत्ता आणि कुलूप

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. केजला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसून मी ब्राउझरचं एक एक्स्टेंशन बनवलं. बटण दाबलं की व्हिडिओची लिंक जमा होते, डाउनलोड मग 'सवडीनं' नावाच्या दुसऱ्या बटणानं करायचं.

दसऱ्याआधी एक बाई आली. पदराची गाठ दातांनी सोडून तिनं मेमरी कार्ड काढलं. ऊसतोडीला दहावीतली लेक सोबत जाणार होती, फडात रेंज नसते, म्हणून तिला गणिताचे व्हिडिओ भरून हवे होते.

मी ऐटीत चौदा लिंका जमा करून दाखवल्या. "लिंक म्हणजे व्हिडिओचा पत्ता, मावशी. आता काळजी न्हाई. जायच्या आदल्या दिवशी या."

ती आली, तेव्हा त्यातले पाच व्हिडिओ चॅनलवाल्यानं काढून टाकले होते.

"पत्ता तर आहे," मी पुटपुटलो.

ती चिडली नाही. "आमचाबी पत्ता गावातच हाय, बाबा. पण सहा महिने दाराला कुलूप असतंय."

उरलेले नऊ भरून दिले. कार्ड पुन्हा गाठीत बांधून ती गेली. नाव विचारायचं राहिलंच.

आता माझ्या एक्स्टेंशनमध्ये लिंक जमा झाली की व्हिडिओ लगेच उतरू लागतो. 'सवडीनं'चं बटण मी काढून टाकलं.