नारिंगी कॅप्सूल

गोजराबाई लग्न होऊन बोईसरला आली ते साल सत्त्याहत्तरचं. नवरा नागोराव मूळचा परभणीकडचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की हाक त्यालाच. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, त्यामुळे घरीही तो ओरडूनच बोलायचा. नवी शेजारीण आली की तिला वाटायचं, यांच्यात भांडण जुंपलंय. गोजराबाई हसून सांगायची, "भांडण नाही हो, चहा मागायलेत."

शहाण्णवच्या दिवाळीनंतर जिना चढताना नागोरावाला धाप लागायला लागली. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय पाठ टेकवेना. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला आणि म्हणाले, "हृदयाचे स्नायू अशक्त झालेत. मीठ कमी करा. आणि या दोन गोळ्या रोज सकाळी. एकही दिवस चुकवायच्या नाहीत." हे शेवटचं वाक्य त्यांनी गोजराबाईकडे बघून म्हटलं होतं. ते तिला पुढं जन्मभर आठवत राहिलं.

त्याच सुमारास आत्माराम घरी आला. हा जवळच्याच पाम गावचा, नागोरावाबरोबर पंधरा वर्षं एकाच खात्यात. पालघरला कुठल्याशा हॉलात सभा झाली होती, तिथून त्यानं परदेशी कॅप्सूलची बाटली आणली होती. नाव लांबलचक, शेवटी 'क्यू-टेन'.

"वैनी, आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. त्यांना ताकद देते ही. त्यांच्या ताकदीवरच तर हृदय चालतंय," आत्माराम म्हणाला. "मी सा महिने घेतोय. बघा माज्याकडं."

तो मनापासून बोलत होता. स्वतः घेत होता, बायकोला देत होता. दुसऱ्या दिवसापासून गोजराबाई रोज सकाळी नारिंगी कॅप्सूल नागोरावाच्या तळहातावर ठेवायला लागली, देवाचा अंगारा द्यावा तशी. डॉक्टरांच्या गोळ्या तो स्वतःच खिशात घालून कारखान्यात न्यायचा.

महिन्याभरात धाप कमी झाली. एका रविवारी दोघं घिवलीच्या किनाऱ्यावर गेली. नागोराव ओल्या वाळूतून झपाझप पुढं गेला, मागं वळून ओरडला, "ये की! काय म्हातारीवानी चालायलीस?" जाळी विणत बसलेले लोक बघायला लागले. गोजराबाईला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. कॅप्सूलचा गुण आला, असं तिनं गावाकडं पत्रात लिहायला लावलं.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा त्याचे पाय सुजायला लागले. पाय चेपताना तिचा अंगठा रुतला आणि खळगा तसाच राहिला.

"हे काय हो?"

"दिवसभर उभं राहून हुतंय."

"डॉक्टरच्या गोळ्या घेताव ना?"

"कारखान्यात घेतो की, चहाबरोबर. कॅप्सूल तर तूच देतीस."

तिनं विश्वास ठेवला. वीस वर्षांत तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

भाद्रपदात एका दुपारी तो दुसऱ्या पाळीला निघाला होता. चपलेत पाय सरकवता सरकवता खुर्चीवर बसला. "गोजरा, खिडकी उघड."

खिडकी उघडीच होती.

रिक्षात त्याचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ते जड झालेलं तिला कळलं, पण ती रिक्षावाल्याला म्हणत राहिली, "भाऊ, जरा लवकर घ्या."

चौथ्या दिवशी आत्माराम कारखान्यातल्या कपाटातलं सामान घेऊन आला. डबा, चष्मा, एक सदरा. सदऱ्याच्या खिशात रबर लावलेला गोळ्यांच्या पट्ट्यांचा गठ्ठा. एकही गोळी फोडलेली नव्हती.

आत्माराम खाली बघत बोलला, "त्या गोळ्यांनी सारकी लघवीला लागायची, वैनी. माग बंद पडला की जॉबर जागेवर नाय. साहेब सगळ्यांसमोर बोलला एकदा, पोरं हसली. तवापासून सोडल्या असतील त्यानं. मला म्हनाला होता, आता तुजी कॅप्सूल हाय ना."

गोजराबाई बाटली आणि पट्ट्या पदरात बांधून एकटीच डॉक्टरांकडे गेली. "यात इख होतं का?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली. "विष नाही. कुणाला थोडा उपयोगही होत असेल. पण त्यांना बरं वाटत होतं ते माझ्या गोळ्यांनी, बाई. त्या सोडायला नको होत्या."

विष असतं तर बरं झालं असतं, असं तिला परत येताना वाटलं. कुणावर तरी संतापता आलं असतं. आता कुणाला बोलणार? जो खोटं बोलला तो गेला, आणि जिनं खळगा बघूनही एकदाच विचारून सोडून दिलं ती ही इथं चालत होती.

तेरावा झाल्यावर आत्माराम दारातच बसला, आत येईना. तिनं त्याला डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. लपवलं असतं तर तो जन्मभर स्वतःला खुनी समजला असता.

"पन मी त्याला एक शब्द नाय बोललो," आत्माराम म्हणाला. "कॅप्सूल घे, पन डॉक्टरचं सोडू नको, येवढंच बोलायला पायजे होतं." आणि तो गुडघ्यात तोंड घालून रडला.

तिनं त्याला पाणी दिलं.

दिरांनी गावाकडं बोलावलं, पण ती गेली नाही. त्याच कारखान्यात, मागांच्या खडखडाटाशेजारी, कापडाच्या घड्या घालण्याचं काम तिला मिळालं. पहिले काही महिने बायका म्हणायच्या, ही नवी बाई फार हळू बोलते, काही ऐकूच येत नाही.