शाल संपली तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या अमरावतीच्या कॉलनीत व्याख्यान ठेवलं होतं. विषय असा, की सिनेमा अन् मोबाईलमधल्या मारामाऱ्यांनी पोरं कशी बिघडतात. पोरांनाही धाक दाखवून मागच्या रांगेत बसवलं होतं. वक्ते अकोल्याहून आले. पण आमच्याकडे वक्त्याने तोंड उघडायच्या आधी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा लागतो, आणि तो एकट्या वक्त्यावर कधीच थांबत नाही. कॉलनीच्या माजी अध्यक्षांचा नंबर येईपर्यंत शाली संपल्या. त्यांच्या हातात नुसता नारळ पडला.

"त्याले शाल अन् मले नुसता नारळ? काहून?" असं ओरडत त्यांनी तो नारळ शाल पांघरून बसलेल्या आजी अध्यक्षांवर भिरकावला. बघता बघता खुर्च्या उडाल्या, माइकचा दांडा कुणाच्या तरी पाठीत बसला आणि वक्ते टेबलाखाली शिरले. हाणामारी करणाऱ्यांपैकी एकही सिनेमा पाहणारा नव्हता. सगळे रोज सकाळी प्रवचन ऐकणारे.

मी मागे वळून पाहिलं. बिघडलेली पोरं तेवढी जागची हलली नव्हती. मोबाईल धरून ती शांतपणे आपापल्या बापाचा व्हिडिओ काढत होती.