मिठ्ठूचा पिंजरा

मित्रांनो, रविवारी सकाळी पूजा आटोपून टीव्हीवर एक जुना, विस्मरणात गेलेला सिनेमा पाहिला. त्यात एक वनरक्षक पकडलेले हत्ती सोडवतो. तेवढ्यात पिंजऱ्यातून आमचा पोपट मिठ्ठू "राम राम" म्हणाला. मीच शिकवलेलं. नऊ वर्षं ते पुण्य समजत होतो, त्या दिवशी लाज वाटली.

पोपट पाळणं गुन्हा आहे. वन विभागाला द्यायचं म्हटलं तर बायको म्हणाली, "काहून नेता जी? पोट्टी सासरी गेली. दिवसभर हाच बोलते माह्याशी."

मी अडकलो. त्याला सोडावं तर ही घरात एकटी कोंडली जाणार. तुम्ही काय केलं असतं?

आज तीच म्हणाली, "न्या. पण पिंजऱ्यावर कापड टाका, मले पाहवत नाही."

दुपारी तेलीबांधा तलावाच्या पुढे वन विभागाच्या कार्यालयात त्याला देऊन आलो. पिंजराही तिथेच ठेवला.