उंदरांसोबतचा उपास

जालन्यातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळायला एक मामा होते. पिंजऱ्यात हात घालण्याआधी ते चहाच्या गरम ग्लासावर तळवे शेकून घ्यायचे. म्हणायचे, "गार हात लागला की दचकतेत बिचारे."

मी संशोधनासाठी त्या उंदरांना औषध टोचून मधुमेह करायचे आणि मग त्यांच्या रक्तावरून शरीरात किती सूज आहे ते मोजायचे. रक्त काढायच्या दिवशी उंदरांना उपाशी ठेवावं लागे. त्या दिवशी मामाही डबा उघडत नसत. मधुमेह त्यांनाही होता.

"मामा, गोळी घेऊन उपाशी राहू नका."

"त्यांच्यासमोर खाणं बराबर न्हाई वाटत, म्याडम."

एकदा चप्पल काढून त्यांनी अंगठ्याची जखम दाखवली. "इतके दिवस झाले, भरून न्हाई राह्यली. माझ्या रक्तातली सूज बी बघता का?"

मी घाईत होते. सूज मोजायचं हे किट फक्त उंदरांसाठी असतं, एवढंच हसून सांगितलं.

"मंग राहू द्या," म्हणत त्यांनी चप्पल घातली.

पुढं त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते परत आले नाहीत.

मामांनी जखम दाखवली, त्या महिन्यातल्या प्रत्येक उंदराची सूज माझ्या वहीत लिहिलेली आहे.