वलांडीआडची हाक

किहीमच्या बाजूच्या कोळीवाड्यात नीराबाईचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. समोरून वारा असला तरी तिची हाक होडीपर्यंत पोचायची. उभा जन्म तिने उघड्या किनाऱ्यावर मासळी सुकवली. तिथे हळू बोलून काम होत नाही. सून सुचिता नवी आली तेव्हा तिला वाटे, सासू सारखी रागावलेलीच असते.

नात झाली. तिचं नाव पूर्वी. पोर हसरी, अंगाने बरी. बोटी परतल्या की इंजिनाच्या आवाजावर वाड्यातली पोरं किनाऱ्याकडे पळत. पूर्वी वाळूत शिंपले मांडत बसे आणि इतरांना पळताना पाहून मग उठे. हे पहिल्यांदा नीराबाईच्या ध्यानात आलं. पोरीच्या मागे उभं राहून तिने हाक मारली. अर्ध्या वाड्याने वळून पाहिलं. पूर्वीने नाही.

तपासण्या झाल्या. जन्मापासूनच ऐकू येत नव्हतं. पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली. एक भाग कानामागे कातडीखाली बसवला. बाहेरून कानावर अडकवायचं यंत्र आणि डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी चकती. यंत्र सुरू केलं तेव्हा पूर्वी दचकून रडली. नीराबाईने डॉक्टरांना हात जोडले. तिला वाटलं, काम झालं.

काम तर आत्ता सुरू होत होतं. यंत्राची निगा घरच्यांनी चोख ठेवली. खारी हवा, म्हणून झोपताना ते सुकवायच्या डबीत ठेवावं लागे. पूर्वीचा बाप प्रीतम म्हणायचा, "आपल्या घरात सुकवल्याबिगर कायच ठेवीत न्हाईत."

पण पोर बोलेना. अलिबागला जागृतीताई अशा मुलांना ऐकायला-बोलायला शिकवत. दर आठवड्याला सासू-सून पोरीला घेऊन एसटीने जात. एकदा ताईंनी तोंडासमोर पुठ्ठा धरून हाक मारली. पूर्वी खेळतच राहिली.

"बोलणं शिकायचं एक वय असतं," ताई म्हणाल्या. "ते हातचं गेलं तर यंत्र असून फारसा उपयोग होणार नाही. घरी कसं बोलता तिच्याशी? दाखवा बघू."

नीराबाईने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं. "पूर्वे! पानी पायजे?" हाताने पेला करूनही दाखवला. बाहेर बाकावरची माणसं दारात डोकावली. पूर्वीने लगेच मान हलवली.

"बगा! समजतंय तिला."

"आजी, ती तुमचं तोंड बघते, हात बघते. कानांना कामच पडत नाही. आणि ओरडलं की यंत्रातून शब्द बिघडून पोचतो. तोंड दिसू देऊ नका. आवाज साधा ठेवा."

"साधाच हाय की ह्यो!"

ताईंना हसू आलं. सुचिता खिडकीबाहेर पाहू लागली.

परतताना एसटीत नीराबाईने पोरीला मांडीवर घेतलं. पोरीसाठी एवढा जीव टाकला आणि तेच आड आलं. मनाला लागलं. पण लावून घेऊन बसणं तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोंबील आले. बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या आणि वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, टांगायच्या. दोऱ्या भरल्या की पलीकडचं माणूस दिसत नाही. नीराबाईने पोरीला एका बाजूला बसवलं आणि स्वतः दुसरीकडे गेली. ताईंच्या पुठ्ठ्याची सोय इथे आयतीच होती.

"पूर्वी," ती साध्या आवाजात म्हणाली.

पलीकडे काही हललं नाही.

डोक्यावरची पाटी उतरवता येते. जन्माची सवय उतरवणं अवघड. आवाज चढला की ती थांबे, दम घेई, पुन्हा खालून सुरू करी. हात बोंबलांवर, बोलणं पोरीशी. वारा आला. होडी आली. ऊन तापलं. रोज. उत्तर नाही, तरी रोज.

शेजारची कमळी एकदा म्हणाली, "नीरे, घसा बसला का गो? बाजारात गिऱ्हाइकाच्या कानात भाव सांगशील आता."

"तुला ऐकू यावं म्हनून बोलतच न्हाय मी," नीराबाई म्हणाली. तेही हळूच.

कधीतरी नावाला पूर्वी मान वळवू लागली. मग बोंबील सारून मधून तोंड काढू लागली. नीराबाईला तेवढ्याने भरून आलं, पण ताई म्हणाल्या, "नाव म्हणजे नुसती खूण झाली. वाक्य कळायला हवं." नीराबाई पुन्हा वलांडीआड गेली. हळूहळू पोरीच्या तोंडी एखादा सुटा शब्द येऊ लागला.

थंडी सरता सरता एका दुपारी ती म्हणाली, "पूर्वी, ती टोपली हिकडं आन."

"न्हाय."

नीराबाईचे हात थांबले. घरात तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"का गो?"

"माऊ निजलीय."

नीराबाई वाकून, दोऱ्यांखालून पाहू लागली. टोपलीत खरंच मांजर होतं. पूर्वी त्याच्याकडे तोंड करून बसली होती. तिने आजीकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

मासळीजवळ मांजर दिसलं की नीराबाई दगड शोधायची. आज ती वाळूत बसली.

"निजू दे," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तिने जागृतीताईंच्या टेबलावर सुक्या बोंबलांची जुडी ठेवली. खोलीभर वास सुटला. नीराबाईने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना.

"आता थांबायचं नाही हं, आजी," ताई म्हणाल्या.

"थांबतंय कोन!" नीराबाई म्हणाली, आणि बाहेरची माणसं पुन्हा दारात डोकावली.