कणकेनं पुसलेला बैल

बाबांचा पांढरा बैल उन्हाळ्यात गेला आणि जोडीचा दुसरा त्यांनी विकून टाकला. नाचणगावाहून फोनवर म्हणाले, यंदा पोळ्यात, बैल उभे करतात त्या तोरणाखाली जात नाही, रिकाम्या हातानं काय जायचं. मी वर्ध्याहून ऐटीत सांगितलं, पोळ्याआधी पांढऱ्याचं चित्र काढून आणतो. फोटो होते, पण प्रत्येकात पुढे मी आणि मागे एक शिंग.

चित्रकला मला येत होती असं मुळीच नाही. सेवाग्राम रोडला एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे तीन महिन्यांपासून रविवारी कोळशानं चित्र काढायला जात होतो, एवढंच. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कोळशात पांढरा रंग नसतो, तो कागदाचा, तो राखायचा. मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरलो. मला नाद लागला बोटानं घोटायचा. काळी रेघ बोटाखाली धुरासारखी पसरली की आपण कलावंत असल्याचा भास होतो. पाठ घोटली, पोट घोटलं, वशिंडही सोडलं नाही. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "हल्या चांगला जमला."

आमच्याकडे रेड्याला हल्या म्हणतात.

काळं उचलायला मास्तर कणकेसारखं मऊ खोडरबर वापरत. ते माझ्याकडे नव्हतं. कणीक होती. गोळा दाबला, उचलला, पाठ उजळली. खांदा जरा जास्तच उजळला, म्हणून सावली द्यायला पुन्हा कोळसा फिरवला, तर तो बसेचना. तळहाताएवढा तेलकट डाग पडला होता. बायको कणकेत तेल घालते हे मला लग्नाच्या एकविसाव्या वर्षी कळलं.

दुसरा कागद घ्यायला वेळ नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, घरोघरी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात त्या वेळी, मी डागासकट नाचणगावला पोचलो. बाबांनी चित्र दाराच्या उजेडात धरलं. बोट शिंगावरून, मानेवरून खाली आलं आणि नेमकं डागावर थांबलं. मी मनात सबब जुळवत होतो.

"खांदे शेकले तू याचे?"

"हो बाबा."

त्यांनी बोट हुंगलं. "तेल हाय हे. तुपानं शेकतेत बे."

आईकडून हळद-तूप मागवून त्यांनी अंगठ्यानं त्या डागावर चोळलं आणि बैलाला आमंत्रण देतात तसं कागदाला रीतसर म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग आईला विचारलं, उद्या तोरण किती वाजता तुटते, पोळा कधी फुटते.

तोरणाखाली चित्र मीच धरून उभा होतो. दोघातिघांनी विचारलं, हल्या कोणाचा.

"बैल हाय तो," बाबा म्हणाले. "पोट्टं शिकून राह्यलं अजून."

पोट्टं एकोणपन्नास वर्षांचं आहे.