विकतचं ऊन

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातल्या त्या दुकानाचा मला आजही राग येतो. आमच्या देशी वाणसामानाच्या दुकानाच्या रांगेतच ते होतं. काचेवर नारळाचं झाड रंगवलेलं आणि आत माणसाच्या लांबीच्या पेट्या. पेटीत आडवं व्हायचं, झाकण ओढून घ्यायचं, मग आत निळे-जांभळे दिवे लागायचे आणि गोरी माणसं पैसे मोजून काळवंडून बाहेर यायची. डाळ-तांदळाची पोती गाडीत टाकताना आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो. जन्मभर तोंडाला हळद-साय फासणारी माणसं आम्ही, आम्हाला दुसरं काय सुचणार?

ही २००५ च्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिच्या दोन्ही नडग्यांवर रुपयाएवढे पांढरे डाग उठले होते. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. नवरा ‘स्किन इश्यू’ म्हणायचा. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई नुसतं ‘ते’ म्हणायच्या. “ते वाढलं नाही ना गं?” असं मला स्वयंपाकघरात हळूच विचारायच्या. मुलगी मात्र शाळेच्या स्विमिंग टीममध्ये होती, उघड्या पायांनी पोहायची आणि कुणी विचारलंच तर “इट्स जस्ट स्किन” म्हणून पाण्यात उडी मारायची. तिला त्याचं काहीच नव्हतं. स्पर्धेला आपले मराठी लोक आले की ती पहिली आली का, याकडे माझं लक्षच नसायचं. बाकीच्या काकू तिच्या पायांकडे बघतात का, तेवढंच मी बघत बसायचे.

डॉक्टरांनी हॉस्पिटलातली लाइट ट्रीटमेंट, म्हणजे डागांवर अल्ट्राव्हायोलेट किरण, सांगितली, आठवड्यातून तीनदा. इन्शुरन्सवाल्यांनी ती ‘कॉस्मेटिक’ म्हणून नामंजूर केली. फोनवरच्या बाईशी मी तासभर भांडले आणि शेवटी तिनं मला हॅव अ नाइस डे म्हटलं. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी बॅगेतून बावचीच्या तेलाची बाटली काढली. डागांना लावायचं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात पाच मिनिटं बसायचं, असं त्यांच्या वैद्यांनी सांगितलं होतं. आता जानेवारीतल्या न्यू जर्सीत कोवळं ऊन आणायचं कुठून? आठ दिवस आभाळ नुसतं राखाडी होतं.

“अगं, त्या दुकानात ऊन विकत मिळतं म्हणालीस ना?” सासूबाई म्हणाल्या.

सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायला मला फार आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला ते पटलं होतं. नवऱ्यानंही मान डोलावली. इंजिनियर ना दोघंही आम्ही. अल्ट्राव्हायोलेट ते अल्ट्राव्हायोलेट, असा आमचा हिशेब.

शनिवारी मी मुलीच्या पायांना तेल चोळलं आणि तिला तिकडे घेऊन गेले. “आय डोन्ट वॉन्ट टू, आई,” ती गाडीत दोनदा म्हणाली. “एवढंसं तर आहे, चल,” मी म्हटलं.

काउंटरवरची पोरगी च्युइंगगम चघळत होती. “यू गाइज डोन्ट इव्हन नीड इट,” ती हसून म्हणाली, आणि मूर्खासारखी मीही हसले. तिच्यामागे भिंतीवर कातडीच्या रंगांचा तक्ता होता, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. तिनं माझ्या मुलीचा चेहरा पाहिला, तक्ता पाहिला आणि बारा मिनिटं लावली. पाय पाहिले नाहीत. ते जाड पँटखाली होते आणि मीही दाखवले नाहीत, कारण ते कुणाला दाखवायचे नाहीत याचीच मला सवय होती. डागाच्या जागी रंग नसतो, ती जागा गोऱ्याहून गोरी, सगळ्यात आधी भाजणारी, हे त्या तक्त्यात नव्हतं. मग फॉर्म आला. कुठलं औषध घेता किंवा लावता का? मी ‘नो’वर खूण केली. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. औषध म्हणजे गोळी, डॉक्टरांची चिठ्ठी. बावचीचं तेल हे तेल होतं, घरचं. खाली पालकांची सही होती, तीही केली.

दुसऱ्या दिवशी डाग गुलाबी झाले. “बघ, रंग धरतोय,” म्हणत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी ओरडत उठली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फोड आले होते, काही लिंबाएवढे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी तेलाची बाटली उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की हे तेल कातडीला उजेडाखाली भाजून काढतं. तिला बरं व्हायला दोन महिने लागले. कोड जखमेच्या जागी पसरतं; जिथे जिथे भाजलं होतं, तिथे तिथे कातडी पांढरी झाली. पूर्वी रुपयाएवढं होतं ते, आता दोन्ही नडग्या. तिनं स्विमिंग सोडलं. का सोडलंस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास राज्यात या दुकानांवर नियम आणायची चर्चा सुरू झाली आणि आमच्या भागातल्या आमदारांनी लायब्ररीत लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. नवरा म्हणाला, “सगळ्यांसमोर कशाला? उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक हेच उकरून काढतील.” मी गेले. मुलगीही न सांगता गाडीत येऊन बसली.

माझ्या आधी एक दुकानमालक बोलले. बंदी नको, मुलांचं भलं आईबापांहून जास्त कुणाला कळतं, त्यांची सही घ्या म्हणजे झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं होतं. मी उठून सगळं ओकले: तो तक्ता, ती बारा मिनिटं, ते च्युइंगगम. आमदार फार सौजन्यानं ऐकत होते. “सो मॅम,” ते म्हणाले, “दुकानानं आधी तुमची परवानगी घ्यायला हवी होती.”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मुलगी बघत नव्हती, ती आपल्या बुटांकडे बघत होती.

“घेतली होती,” मी म्हटलं. “तिला जायचं नव्हतं. मी नेलं. सही माझी आहे. म्हणून सांगते, आमच्यासारख्यांवर सोडू नका.”

ते थँक यू म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या वर्षी नियम झाला. वाणसामान घेऊन येताना आम्ही दोघी त्या काचेपाशी थांबलो, तिथे नवी पाटी लावली होती. तिच्या वयाच्या मुलांना पालकांच्या सहीशिवाय आत प्रवेश नाही. मुलीनं ती सावकाश वाचली. माझ्याशी ती एरवी इंग्रजीतच बोलते. हे मात्र तिनं मराठीत म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, मला नीट कळावं म्हणून.

“म्हणजे आई, तुझी सही अजून चालते.”